संघशासन, शिक्षण आणि सीमा ओलांडणारे मूल

शिक्षणक्षेत्रात संघशासनाचा अधिकार किती असावा, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टापासून सुरू होते व तेथेच संपते. विषय राज्यसूचीत होता तोवर राज्ये स्वायत्त होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला आणि ही स्वायत्तता लोपली, असा या चर्चेचा ठरीव साचा आहे. हा साचा अगदीच निराधार नसला, तरी त्याने प्रश्नाचे खरे स्वरूप झाकले जाते. संघशासनाने शिक्षणात हस्तक्षेप करावयाचा तो नेमका कशासाठी, हे त्यातून कळत नाही.

या दृष्टीने घटनादुरुस्तीच्याही आधीचे एक प्रकरण पाहण्यासारखे आहे. अहमदाबादेतील एक मराठी मातृभाषेचा विद्यार्थी १९६० मध्ये शालान्त परीक्षा मराठी माध्यमातून उत्तीर्ण झाला आणि महाविद्यालयात इंग्रजी माध्यमाच्या वर्गात दाखल झाला. पहिले वर्ष संपल्यावर पुढील वर्गाचे इंग्रजी माध्यम त्याला नाकारण्यात आले, कारण गुजरात युनिव्हर्सिटीने गुजराती वा हिंदी हीच माध्यमे ठरविली होती. पित्याने न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये बहुमताने असा निर्णय दिला की, उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय हा संघसूचीतील ६६ व्या नोंदीचा विषय असून, माध्यमाचा प्रश्न जेथवर या दर्जाशी निगडित आहे, तेथवर तो राज्याच्या अधिकाराबाहेरचा आहे. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदविले. म्हणजे शिक्षण राज्यसूचीत असतानाही संघशासनाचा अधिकार त्यात शिरलेला होताच. त्याहून महत्त्वाचे हे की, एका राज्याची भाषा जेथे संपते आणि दुसऱ्याची सुरू होते, त्या सांध्यावर उभ्या असलेल्या मुलाने हा प्रश्न न्यायालयापुढे आणला. निकालाच्या चर्चेत सूचींचा अर्थ पुष्कळ चर्चिला गेला. ते मूल मात्र मागे पडले.

डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ च्या अहवालात या विषयाचा विचार केला. शिक्षणाचे तुकडे करून एक भाग समवर्ती सूचीत व दुसरा राज्यसूचीत ठेवणे आयोगास मान्य नव्हते. केंद्राने प्रेरणा द्यावी, सक्ती करू नये, आणि त्या दृष्टीने घटनेतील मूळ योजनाच बहुधा सर्वोत्तम होय, असे त्याचे मत पडले. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांच्यामागे गारगोटीसारख्या ग्रामीण भागातील कामाचा अनुभव होता, ही गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही. दहा वर्षांनी, आणीबाणीच्या काळात, हे मत बाजूस सारले गेले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने समवर्तित्वाचा अर्थ ‘भागीदारी’ असा लावला. शब्द चांगला आहे. पण भागीदारीत भांडवल कोणाचे आणि हिशेब कोणाकडे, हे आधी पाहावे लागते.

हा हिशेब मुंबई इलाख्यात फार जुना आहे. १८६० च्या दशकात जमीनमहसुलावर रुपयास एक आणा लोकल फंड बसविण्यात आला व त्याचा एक तृतीयांश खेड्यांतील शाळांकडे लावण्यात आला. १८८२ मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्याचा रोख हाच होता: पैसा शेतकऱ्याच्या कष्टातून येतो, खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. नामदार गोखले यांनी १९१० मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला, तेव्हा खर्चाचे दोन भाग सरकारने व एक भाग स्थानिक संस्थांनी उचलावा, अशी सूचना केली. त्यांचे १९११ चे विधेयक पुढील वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. फुले आणि गोखले यांची भूमिका सर्वस्वी एक नव्हती; तथापि वरच्या सत्तेकडे दोघांनी जे मागितले, त्यात पैसा आणि सक्तीचा कायदा होता. गावातील शाळेत काय व कोणत्या भाषेत शिकवावे, हे ठरविणारा दूरचा अधिकारी त्यांनी मागितला नव्हता.

आजचा हिशेब उलटा दिसतो. २००४ मध्ये केंद्राने करांवर दोन टक्के शिक्षण उपकर बसविला. २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून तो चार टक्के झाला. घटनेच्या २७० व्या अनुच्छेदाप्रमाणे उपकराचे उत्पन्न राज्यांत वाटावयाच्या निधीत धरले जात नाही. ते केंद्राकडे राहते व योजनांच्या रूपाने, अटींसह, राज्यांकडे येते. समग्र शिक्षा योजनेत बहुतेक राज्यांना उरलेला चाळीस टक्के वाटा स्वतः घालावा लागतो. त्या अटींचे टोक २०२४-२५ मध्ये तमिळनाडूच्या बाबतीत दिसले. पीएम श्री योजनेचा करार न केल्यामुळे समग्र शिक्षेचा आपला निधी अडविला गेला, अशी त्या राज्याची तक्रार असून २०२५ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. तमिळनाडूची भाषाविषयक भूमिका कोणास पटो वा न पटो, एका योजनेचा पैसा दुसऱ्या योजनेच्या स्वाक्षरीस बांधणे यास भागीदारी म्हणता येणे कठीण आहे.

आता पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात, चाकण औद्योगिक क्षेत्राच्या कडेला असलेले निघोजे हे गाव घ्यावे. महिंद्र आणि फोक्सवॅगन यांचे मोटारींचे कारखाने याच परिसरात उभे आहेत. या पट्ट्यात देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून कामगार येतात, भाड्याच्या खोल्यांतून राहतात, कंत्राट संपले की दुसरीकडे जातात. त्यांची मुले अहमदाबादच्या त्या विद्यार्थ्याप्रमाणेच भाषेच्या सांध्यावर उभी आहेत. फरक इतकाच की, ती महाविद्यालयापर्यंत पोहोचलेली नाहीत आणि त्यांच्या पालकांना न्यायालय परवडत नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात ही मुले आहेत. पाचव्या कलमाने राज्यातून राज्यात शाळा बदलण्याचा हक्क दिला आहे. दाखला यावयास विलंब झाला म्हणून प्रवेश अडविता येत नाही. नवव्या कलमाने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे आपल्याकडे ग्रामीण भागात जिल्हा परिषदेसारख्या संस्थेवर, टाकली आहे. एकोणतिसाव्या कलमात शक्यतो मातृभाषेतून शिक्षण असे म्हटले आहे. कायदा केला संसदेने. मूल आले दुसऱ्या राज्यातून. कर्तव्य पडले पुणे जिल्हा परिषदेवर. सातवे कलम निधीची जबाबदारी केंद्र व राज्य या दोहोंवर सांगते खरे, परंतु केंद्राने दिलेली रक्कम विचारात घेऊन उरलेली तरतूद करण्याचा भार त्याच कलमाने राज्यावर ठेवला आहे. समग्र शिक्षेत हंगामी वसतिगृहांची सोय आहे. ती ऊसतोड मजुरांसारख्या, ठरलेल्या महिन्यांत जाणाऱ्या व परतणाऱ्या कुटुंबांना उपयोगी. कारखान्यातील कंत्राटी कामगाराचे स्थलांतर ऋतूंप्रमाणे चालत नाही. ओडिया वा भोजपुरी बोलणारे मूल मराठी शाळेच्या तिसरीत येऊन बसले, तर त्याला मराठीत आणण्यासाठी लागणारे जादा तास कोणी घ्यावयाचे आणि त्यांचे मोल कोणी द्यावयाचे, याचे उत्तर या तरतुदींत शोधूनही स्पष्ट सापडत नाही.

उलट भाषेच्या नावाने जे घडले ते निराळेच. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात त्रिभाषासूत्र असले, तरी कोणतीही भाषा राज्यावर लादली जाणार नाही असे तेथे म्हटले आहे. महाराष्ट्र शासनाने मात्र त्याच धोरणाचा आधार सांगून १६ एप्रिल २०२५ रोजी पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी अनिवार्य केली, १७ जूनला तो निर्णय सौम्य केला आणि विरोध वाढल्यावर २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. या प्रकरणी सारा दोष दिल्लीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही; केंद्राच्या नावाचा आडोसा राज्यांनाही सोयीचा असतो. या वादात राज्यातील प्रत्येक मुलाला हिंदी शिकवावी काय, याचा खल झाला. हिंदी पट्ट्यातून आलेल्या मुलाला मराठी नीट कशी यावी, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

संघशासनाचे असे एक कार्य आहे, जे कोणतेही एक राज्य करू शकत नाही: जे मूल एका राज्याच्या हिशेबातून सुटले आणि दुसऱ्याच्या हिशेबात अद्याप आले नाही, त्याचा खर्च उचलणे. उपकराच्या उत्पन्नातून, योजनेच्या स्वाक्षरीची अट न घालता, अशा प्रत्येक मुलामागे ते ज्या शाळेत बसले आहे त्या शाळेच्या जिल्हा परिषदेस भाषाशिक्षकाचे वेतन थेट देता येईल. त्यासाठी घटनादुरुस्ती नको, नवे धोरण नको. पाचव्या आणि नवव्या कलमांस जोडून, सातव्या कलमाखाली काढावयाच्या अंदाजपत्रकात एक शीर्ष वाढवावे लागेल.