ओहोटी नसलेली प्रवासवर्णनं

नरखेड तालुक्यातल्या एका शाळेत मागच्या हिवाळ्यात जाणं झालं. नववीच्या मुलांची सहल मुंबईला न्यायची आणि ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्षी दाखवायचे, असं तिथल्या गुरुजींच्या मनात होतं. संत्र्याच्या बागांत वाढलेल्या या मुलांपैकी एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता. तयारी म्हणून गुरुजींनी निसर्गप्रवासाची पाच-सहा पुस्तकं वाचून काढली होती. "सर, एवढं वाचलं, पण जायचं केव्हा हे काही समजलंच नाही," ते म्हणाले. मला वाटलं, ते महिना विचारताहेत. त्यांना तास हवा होता.

ती पुस्तकं मी घरी आणून वाचली. गुरुजींची तक्रार खरी होती. पहाटेचं धुकं, टपरीवरचा चहा, गळ्यातली दुर्बीण, नावाड्यानं दाखवलेलं बोट, आभाळात उठलेला गुलाबी थवा, मग पक्ष्यांची यादी आणि शेवटी माणसाच्या हव्यासावर दोन परिच्छेद. ठाणे खाडीला २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, हेही कुठे कुठे आहे. पण लेखक पोचला तेव्हा पाणी चढत होतं की उतरत होतं, हे कुणीच सांगत नाही. एका लेखकाला सकाळी पक्षी फार लांब दिसले आणि दोन दिवसांनी दुपारी अगदी जवळ. याला त्यानं 'नशीब' म्हटलं आहे!

खाडीचं सगळं जगणं भरती-ओहोटीवर चालतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो. त्यातले किडे, शंख, खेकडे आणि चिखलावरचं सूक्ष्म शेवाळ खायला पक्षी उतरतात. भरतीला ते उंचवट्यावर किंवा मिठागरांत जाऊन विश्रांती घेतात. हा फेरा दिवसातून दोनदा होतो आणि रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतो. म्हणून 'सकाळी लवकर जा' हा जंगलासाठी ठीक असलेला सल्ला खाडीवर फसवा ठरतो. जंगलाची सवय घेऊन लेखक खाडीवर जातात, असं मला ही पुस्तकं वाचताना सारखं वाटत होतं.

किनाऱ्यावरच्या कोळ्यांना हे नवं नाही. त्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडची पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. ओहोटी त्याच्या सहा तास मागेपुढे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत जावं तसा उशीर वाढतो. पण नरखेडच्या वर्गात, भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघून, समुद्र न पाहिलेला विद्यार्थीही हे गणित करू शकतो. इतकं साधं कोष्टक तीनशे पानांच्या पुस्तकात मावू नये?

याउलट मारुती चितमपल्लींचं लेखन घ्या. कर्नाळा, नवेगाव, नागझिरा, मेळघाट इथे वनखात्याच्या नोकरीत ते राहिले. पाहुणे म्हणून गेले नाहीत. 'चकवाचांदण' हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना जाणवतं की एकाच तळ्याकडे ऋतूमागून ऋतू पाहिल्याशिवाय असं लिहिता येत नाही. धीवर आणि गोंड सोबत्यांकडून त्यांनी शब्द गोळा केले. जिथे नव्हते तिथे घडवले. बगळे-करकोच्यांच्या सामूहिक वीणवसाहतीला त्यांनी दिलेला 'सारंगागार' हा शब्द वर्गात वापरून पाहावा, मुलं तो विसरत नाहीत.

माझी तक्रार त्यांच्याबद्दलही आहे. स्वतः पाहिलेलं, सोबत्यांकडून ऐकलेलं आणि जुन्या ग्रंथांत वाचलेलं त्यांच्याकडे पुष्कळदा एकाच ओघात येतं. साहित्य म्हणून त्यात गोडी आहे. पण विज्ञान शिकवणाऱ्यानं ते वाचताना हातात पेन्सिल ठेवावी आणि समासात 'पाहिलं', 'ऐकलं', 'वाचलं' अशा खुणा करत जावं. जून २०२५ मध्ये चितमपल्ली गेले. त्यांचं वाचन आता भक्तिभावानंच होण्याचा धोका आहे, म्हणून हे जरा स्पष्ट लिहिलं.

आणखी एक उणीव मला नरखेडलाच कळली. शाळेमागे एक पाझर तलाव आहे. दिवाळीनंतर त्याचं पाणी आटत जातं आणि दर आठवड्याला ओल्या चिखलाचा नवा पट्टा उघडा पडतो. त्या पट्ट्यावर मला तुतवार आणि चिखल्या दिसले, खाडीच्या काठी दिसतात तेच. समुद्र जे सहा तासांत करतो ते हा तलाव सहा-सात महिन्यांत करतो. म्हणजे दिवाळी ते उन्हाळा अशी एकच लांबलचक ओहोटी. प्रवासवर्णनं वाचून गुरुजींना वाटत होतं की आपल्या तालुक्यात पाहण्यासारखं काही नाही. मुलांनी काठावर दर शनिवारी खुंटी ठोकायची आणि त्या दिवशीचे पक्षी मोजायचे, असं आम्ही ठरवलं.

सहलीची तारीखही पंचांग बघून निघाली. चतुर्थी. ओहोटी ९च्या आसपास, म्हणून खाडीवर ११ला पोचायचं. पाणी चढू लागलेलं असेल, चिखल आक्रसत जाईल आणि पक्षी काठाकडे सरकू लागतील.