गणेशखिंडीचा वाडा आणि भुयारातला इतिहास

पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीवर जे लिहिले जाते, ते वाचताना एक गोष्ट मला सतत खटकते. लिहिणारा मनोऱ्यापासून सुरुवात करतो, कमानींचे कौतुक करतो, वास्तुशिल्पकार जेम्स ट्रबशॉचे नाव घेतो, गव्हर्नरच्या मेजवान्या रंगवतो आणि थांबतो. जणू दगड आपोआप एकमेकांवर चढले आणि मेजवान्या आपोआप शिजल्या! हा इतिहास पक्षपाती आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

१८६४ साली, सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, गणेशखिंडीत हे बांधकाम सुरू झाले. ते १८७१ पर्यंत चालले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्या वेळी आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपले, भाव कोसळला. वाड्याचा खर्च मात्र वाढतच गेला. गव्हर्नरसाहेबांचा पावसाळा सुखात जावा, एवढ्यासाठी हा खटाटोप! पैसा कोणाचा? सरकारी महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ वरचे वर्ग घेतात, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे शिक्षणाबाबत मांडले. ते या वाड्यालाही तंतोतंत लागू पडते.

मी ज्या मिरजगावात राहतो, त्या नगर जिल्ह्याचा १८७६–७७ मध्ये दुष्काळाने घास घेतला. तेव्हा पाहणीवर आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे, असा हिशेब मांडला. १८७७ साली हेच टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले आणि गणेशखिंडीचा वाडा त्यांना राहायला मिळाला. या दोन गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय वाड्याचा इतिहास पुरा कसा होणार?

इमारतीखाली एक भुयारी वाट आहे. स्वयंपाकघरातले अन्न या वाटेने आणले जाई, म्हणजे नोकरचाकर साहेबांच्या नजरेस पडत नसत, असे तिच्याविषयी सांगतात. हौशी लेखकांना ते ‘गूढ भुयार’ वाटते. आम्हांला त्यात गूढ काही दिसत नाही. ज्यांच्या सावलीचाही गावाला विटाळ होई, त्यांना ही व्यवस्था चांगली ओळखीची आहे. साहेबाने ती जमिनीखाली बांधली, गावाने वेशीबाहेर.

२२ जून १८९७ च्या रात्री याच वाड्यावरच्या समारंभातून परतणाऱ्या रँडवर चाफेकरांनी गोळी झाडली, हे राष्ट्रवादी इतिहासाने जपले. त्या रात्री तिथे राबणारे हात मात्र साहेबांच्या इतिहासात भेटत नाहीत, राष्ट्रवाद्यांच्याही नाहीत.

१९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले, बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि सत्तेच्या वाड्यात विद्या आली. हे परिवर्तन मी क्षुल्लक मानत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांची मुले नगर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतून याच विद्यापीठाचे पदवीधर झाली. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. मराठवाड्यात बाबासाहेबांच्या नावासाठी १९७८ च्या ठरावापासून १९९४ पर्यंत झुंजावे लागले, दलित वस्त्या जळाल्या. हे आठवले की नावाचे मोल कळते.

परंतु नाव बदलल्याने वारसा जोखण्याची दृष्टी बदलली काय? सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ साली जिथे मुलींची शाळा काढली, तो पुण्याचा भिडेवाडा दुकानांच्या गर्दीत मोडकळीस आला. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो पाडावा लागला. गव्हर्नरचा वाडा ‘वारसा’ म्हणून जपला गेला आणि ज्या शाळेमुळे सावित्रीबाई विद्यापीठाच्या नावाला पोचल्या, तिच्या भिंती उरल्या नाहीत. कोणती भिंत दुरुस्त करायची, हेही जातिवर्गाची सत्ता ठरवते.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे आहे : या इमारतीचा इतिहास भुयाराच्या तोंडापासून लिहायला घ्या. दगड घडवणारे पाथरवट, पाणी वाहणारे भिस्ती, खानसामे, झाडूवाले यांच्या पगारपत्रकांचा आणि घराघरांतल्या आठवणींचा शोध घ्या. सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठाने हे काम केले नाही, तर ते नाव मनोऱ्यावरच्या निशाणासारखे नुसते फडकत राहील.