नोंद जपली, पण पोचली का?

अलिबागची चुंबकीय वेधशाळा म्हटली की विद्यार्थी हमखास विचारतात, "इतक्या वर्षांच्या नोंदी ठेवून करायचे काय?" त्याला जोडून आम्हाला आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो. ठेवलेली नोंद बाहेर देताना ती पूर्ण दिली जाते का?

मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या. त्यांच्या विद्युतप्रवाहाने सूक्ष्म मापने बिघडली असती, म्हणून कुलाब्याचे चुंबकीय काम 1904 साली अलिबागला हलवण्यास सुरुवात झाली. मात्र कुलाब्याची उपकरणे लगेच बंद केली नाहीत. 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले. त्यामुळे दोन्हींच्या आकड्यांतला फरक कळला आणि जुनी मालिका तुटली नाही. संचालक नानाभॉय मूस यांनी कुलाब्याचे 1846 ते 1905 या काळातले वेध 1910 साली दोन भागांत प्रसिद्ध केले. पहिल्या भागात आकडे आणि उपकरणे, दुसऱ्यात विवेचन. छापील आकडे पुन्हा हाताने उतरवावे लागतात, त्यात चुका होतात, हा या पद्धतीचा दोष खराच. पण आकडा आणि तो कसा मिळाला याची हकीकत एकत्र बांधलेली आहे, हा तिचा मोठा गुण.

त्याचे मोल 2003 साली दिसले. 2 सप्टेंबर 1859 च्या प्रचंड चुंबकीय वादळाचे कुलाब्याचे वेध संशोधकांनी पुन्हा तपासले. क्षेत्राच्या क्षैतिज घटकात सुमारे 1600 नॅनोटेस्लाची घट आढळली. पुढे इतरांनी दाखवले की तासाची सरासरी घेतल्यास ही घट जवळपास निम्मी भरते. मतभेद झाला, पण तो तपासता आला. कारण मूळ वेध वेळेसह छापलेले होते. नुसता निष्कर्ष छापला असता, तर वादच मिटला असता आणि त्याबरोबर ज्ञानही.

आता जुने कागद संगणकात येत आहेत. दस्तऐवज-व्यवस्थेत कागदाचे चित्र एका जागी असते आणि त्याचे वर्णन, म्हणजे ठिकाण, उपकरण, एकक, केलेल्या दुरुस्त्या, दुसऱ्या रकान्यात. बाहेर काढताना पुष्कळदा फक्त चित्र येते, नाहीतर उघडेबोडके आकडे. आमचा आक्षेप इथे आहे. चुंबकालेखावरची रेषा केवळ चढउतार दाखवते. एका मिलिमीटरला किती नॅनोटेस्ला, आधाररेषेचे मूल्य किती, वेळेची खूण कुठली, हे सोबत नसेल तर ते एक सुबक चित्र उरते, मापन नव्हे.

वेधशाळांनी देवघेवीसाठी ठरवलेला 'आयागा-2002' हा साचा याबाबतीत शहाणा आहे. साध्या मजकुराच्या फाईलीत आधी शीर्षओळी येतात: वेधशाळेचे नाव, संकेत (अलिबागचा 'एबीजी'), अक्षांश-रेखांश, आकडे तात्पुरते की अंतिम. नोंद नसेल तिथे 99999 लिहितात.

हा संकेत ठाऊक नसला तर काय होते ते वर्गात करून पाहावे. तासातली 59 मिनिटे 38,000 नॅनोटेस्ला आणि एका मिनिटाला 99999 धरा. सरासरी येते सुमारे 39,033. हजाराहून जास्त नॅनोटेस्लाची उसळी, आणि आकाशात काहीच घडलेले नाही!

म्हणून नोंदी 'उपलब्ध करून दिल्या' असे कुणी सांगितले, की आम्ही आधी शीर्षओळी शोधतो. आपल्या शाळेच्या पर्जन्यमापकाची वहीही याच कसोटीवर घासून पाहावी. मथळे झाकून एक पान शेजारच्या वर्गाला द्या आणि विचारा, हे आकडे कशाचे? उत्तर आले नाही, तर वही जपली गेली आहे, पण प्रसिद्ध झालेली नाही.