विषाणूचा ‘हल्ला’ : एका रूढ शब्दाची चिकित्सा

मराठी शास्त्रीय लेखनात विषाणू पेशीवर ‘हल्ला’ करतो, असे लिहिण्याचा प्रघात आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या पॅपिलोमा विषाणूच्या बाबतीत तरी हा शब्द दिशाभूल करणारा आहे. अस्तराच्या सूक्ष्म जखमेतून हा विषाणू प्रथम खालच्या आधारपटलावरील हेपरान सल्फेटास चिकटतो. तेथे त्याच्या कवचाचे रूप पालटते, फ्युरिन हे यजमानाचेच विकर त्याच्या ‘एल-२’ प्रथिनाचा छेद करते, आणि मगच तो पेशीवरील दुसऱ्या ग्राहीकडे सोपविला जातो. अजिंठ्याच्या लेण्यांस जाणारा प्रवासी फर्दापूरच्या तिठ्यावर आपले वाहन ठेवून एस.टी.त बसतो, त्यातलाच हा प्रकार. पुढे पेशीच त्याला गॉल्जीपिंडापर्यंत वाहून नेते. केंद्रकात त्याचा प्रवेश होतो तो पेशीविभाजनाच्या वेळी, केंद्रकाचे आवरण विरल्यावर.

हा वाद केवळ शब्दाचा नव्हे. ‘हल्ला’ म्हटले की क्षणार्धाचा प्रसंग डोळ्यांपुढे येतो. येथे तासन्‌तास लागतात, आणि त्या अवधीत लसीने निर्माण झालेली प्रतिपिंडे विषाणूस अडवू शकतात. प्रवेशानंतर कर्करोग उद्भवण्यास तर बहुधा दशके जातात. मराठवाड्यातच, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेल्या चाचणीने या विलंबाचे मोल दाखविले : २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, विषाणूची एकच तपासणी झालेल्या स्त्रियांच्या गटात या रोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने, जवळजवळ निम्मे होते.