साहेबाचे कट्टे

विजयदुर्गच्या किल्ल्यावर जाणाऱ्या प्रवाशास तेथील वाटाड्या 'साहेबाचे कट्टे' दाखवितो आणि सांगतो कीं, १८ ऑगस्ट १८६८ रोजीं खग्रास ग्रहणाच्या वेळीं नॉर्मन लॉकियर साहेबानें येथूनच सूर्य न्याहाळला व हेलियम वायूचा शोध लावला. हीच कथा वर्तमानपत्रांतून व प्रवासवर्णनांतून आम्हीं इतक्या वेळां वाचिली आहे कीं, तिचें एकदां परीक्षण होणें अवश्य आहे. आम्हां रत्नागिरीकरांस ती विशेष प्रिय. कारण विजयदुर्ग आज सिंधुदुर्ग जिल्ह्यांत असला तरी १९८१ पर्यंत तो आमच्याच जिल्ह्यांत मोडत होता.

कथा म्हणून ती नीटस आहे: एक नायक, एक स्थळ, एक दिवस. दोष एवढाच कीं ती खरी नाहीं. त्या दिवशीं लॉकियर इंग्लंडांत होता. ग्रहण पाहिलें तें गुंटूर येथें जान्सेन या फ्रेंच ज्योतिष्यानें व इतरत्र अन्य निरीक्षकांनीं. सूर्याच्या कडेवरील ज्वाला ग्रहणावांचूनहि वर्णपटदर्शकांतून पाहतां येतील हें जान्सेननें ओळखलें व दुसऱ्याच दिवशीं तसें करून दाखविलें. लॉकियरनें तीच युक्ति २० ऑक्टोबरला इंग्लंडांत स्वतंत्रपणें साधली. दोघांचीं पत्रें पॅरिसच्या विज्ञान-परिषदेपुढें एकाच दिवशीं आलीं, आणि फ्रेंच सरकारनें दोघांच्या मुद्रा असलेलें एकच पदक पाडलें. वर्णपटांतील पिवळी रेषा कोणत्याहि परिचित द्रव्याची नव्हे हें लॉकियरनें ताडलें. आणि तो वायु पृथ्वीवरच्या खनिजांतून रॅम्झेनें लंडनांत काढला तो १८९५ सालीं.

लॉकियर विजयदुर्गास आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं. कट्ट्यांच्या आठवणीस आधार असलाच तर तो या भेटीचा होय. त्याच ग्रहणास सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्बेल आला होता, जपानचे ज्योतिषी आले होते, आणि पुण्याहून प्रोफेसर कावसजी नायगामवाला आपलीं उपकरणें घेऊन गेले होते. चंद्राची छाया कोणाचें राज्य पाहून पडत नाहीं. जेथें ती पडेल तेथें सर्वांस जावें लागतें. राष्ट्रांचें सहकार्य औदार्यानें नव्हे, अशा गरजेनें घडतें.

आमची खरी तक्रार पुढेंच आहे. भावनगरच्या महाराजांच्या साह्यानें पुण्याच्या सायन्स कॉलेजांत उभी राहिलेली नायगामवालांची वेधशाळा १९१२ सालीं, ते निवृत्त होतांच, मोडली. तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिची कथा कोणी वाटाड्या सांगत नाहीं. साहेब जेथें उभा राहिला तो दगड आम्हीं पुजला. आमच्यांतील जो मनुष्य इतर राष्ट्रांच्या पंक्तीस बसून काम करीत होता त्यास विसरलों. जागा देणारा यजमान आणि काम करणारा सहकारी यांतील भेद या कथेनें पुसून टाकला, हा आमच्या दृष्टीनें तारखेच्या चुकीहून मोठा दोष होय.

हा प्रश्न जुना झाला असेंहि नाहीं. हिंगोली जिल्ह्यांत औंढ्याजवळ गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारण्यास भारत सरकारनें २०२३ सालीं मान्यता दिली. खर्च सुमारें २,६०० कोटी रुपये. अमेरिकेंत अशीं दोन यंत्रें आहेत. लहर कोणत्या दिशेनें आली हें एकट्या यंत्रास नीट सांगतां येत नाहीं. दूरदूरच्या ठिकाणीं ती कोणत्या क्षणीं पोहोंचली यांतील अंतरावरूनच तें कळतें. येथेंहि पृथ्वीचा विस्तारच राष्ट्रांस एकत्र आणीत आहे.

शंभर वर्षांनीं औंढ्याचा वाटाड्या काय सांगेल? परदेशी लोक येथें आले व शोध लावून गेले, इतकेंच सांगेल, कीं येथल्या मुलामुलींनीं तो शोध इतरांबरोबर लावला असें सांगेल? तें आज मराठी घरांतून व शाळांतून कोणती कथा सांगितली जाते यावर पुष्कळ अवलंबून आहे. विजयदुर्गचे कट्टे अवश्य पाहावेत. पण तेथें उभें राहून जान्सेन आणि नायगामवाला हीं नांवेंहि मुलांस सांगावींत, एवढीच आमची विनंति आहे.