जिल्ह्याचा एक रंग

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५–१६ व २०१९–२१ या फेऱ्यांनी बालकांच्या कुपोषणाचे आकडे जिल्हावार दिले, हे कार्य मोठेच. परंतु त्यांवरून काढलेल्या नकाशात पुणे जिल्हा एकाच रंगाने भरला जातो. आमचा आक्षेप त्या रंगाला आहे. सर्वेक्षणाचा नमुना जिल्ह्यापुरताच बेतलेला असतो, तेव्हा दोष त्याचा नव्हे, नकाशा वाचणाराचा. पुणे शहर आणि भीमाशंकरचा डोंगरउतार यांची सरासरी कोणत्या बालकाची म्हणावी?

जुन्नर व आंबेगाव हे तालुकेही एकजिनसी नाहीत. पूर्वेस नारायणगाव, मंचर. तेथे पुणे–नाशिक रस्ता, बागायत, रुग्णालये. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्याकडे अतिवृष्टी, भातखाचरे आणि महादेव कोळ्यांच्या विखुरलेल्या वाड्या. त्यांतच घोड नदीवरील डिंभे धरणाचा जलाशय. आजारी तान्ह्याचे दवाखान्यापासूनचे अंतर तेथे चढउतारांनी मोजावे लागते. तालुकावार आकडे मिळाले तरी ही विषमता झाकलेलीच राहील.

जॉन स्नो यांनी १८५४ मधील लंडनच्या सोहो भागातील पटकीचे मृत्यू घरोघर मांडले, म्हणून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीची दाटी दिसली. बोलींचा अभ्यासकही शब्दाची सीमा तालुक्याच्या हद्दीवरून आखत नाही. गावोगाव ऐकून आखतो. येथे तर ‘गाव’ म्हणजे महसुली गाव, आणि त्याच्या पोटातील वाड्या बेरजेत बुडालेल्या. (वाड्यांची नावे हा केवळ आम्हा भाषाभ्यासकांचा छंद, अशी समजूत दिसते!) अर्भकाच्या जन्ममृत्यूच्या नोंदीत निदान वाडीचे नाव आणि पावसाळ्यातील वाट यांना स्थान मिळाले पाहिजे.