'पासिंग' आणि जात चोरणे

आमच्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतले वाक्प्रचार कळत नाहीत, अशी तक्रार प्राध्यापकांच्या खोलीत नित्य ऐकू येते. तक्रार खरी आहे. परंतु तिचे खापर शब्दकोशावर किंवा पोरांच्या आळसावर फोडून भागणार नाही. शब्द कोशात सापडतो. वाक्प्रचार माणसांच्या रोजच्या व्यवहारात रुजलेला असतो. ज्या व्यवहारात आपल्याला कधी पाऊलच टाकू दिले नाही, तिथली बोली आपल्याला कशी कळावी?

'पास' हा एकच शब्द घेऊ. किनवटला हा शब्द इंग्रजी आहे याचे कुणाला भानही नसते. पोरगा दहावी पास होतो, एसटीचा पास काढतो, गाडी एम.एच. २६ पासिंगची असते. घरातला पहिला पदवीधर अभिमानाने सांगतो, 'मी बी.ए. पास आऊट आहे.' मीही सांगत असे. सैन्यातली परेड सोडली, तर साहेबाच्या घरगुती बोलण्यात 'पास आऊट' म्हणजे शुद्ध हरपून पडणे, हे मला एम.ए. झाल्यावर कळले. माझ्या बापाने शेत राबून मला बेशुद्ध करण्यासाठी शिकवले होते, असा त्याचा अर्थ निघत होता!

याच क्रियापदाचा आणखी एक अर्थ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात आहे. उजळ कातडीच्या कृष्णवर्णीयाने गोऱ्यांत गोरा म्हणून वावरणे, म्हणजे 'पासिंग'. जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी १९१२ साली याच विषयावर कादंबरी लिहिली. नेला लार्सन यांनी १९२९ साली आपल्या कादंबरीला नावच 'पासिंग' दिले. वर्गात मी फळ्यावर कोशातला अर्थ लिहिला. गोंडी, कोलामी, गोरमाटी, तेलुगू, मराठी अशा नाना घरभाषांची ती मुले कोऱ्या चेहऱ्याने तो उतरवून घेत होती. मग मी फळा सोडला आणि प्रसंग सांगितला. शिकागोचा उन्हाळा. आयरीन नावाची बाई उन्हाने कासावीस होऊन एका बड्या हॉटेलच्या गच्चीवर जाते आणि गार चहा मागवते. तिथे कृष्णवर्णीयांना जागा नाही. तिचा रंग उजळ, म्हणून कुणी हटकत नाही. इतक्यात शेजारच्या टेबलावरची एक बाई तिच्याकडे टक लावून पाहू लागते, आणि आयरीनच्या काळजात धस्स होते.

मागच्या बाकावरून आवाज आला, 'म्हणजे जात चोरली, सर.'

पन्नास शब्दांच्या टिपेने जे झाले नव्हते ते दोन शब्दांत झाले. बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ सालचा. त्या मुलाने तो वाचलेला नव्हता. शब्द मात्र त्याच्या घरात होता.

पण इथेच थांबले तर समीक्षा होणार नाही. दोन्ही शब्द समानार्थी मानणे ही आपल्याकडील तुलनेची जुनी सवय. 'पासिंग'मध्ये माणूस निघून जातो, रेषा ओलांडतो. शब्दात हालचाल आहे, आरोप नाही. 'चोरणे' म्हटले की गुन्हा आधीच सिद्ध झालेला असतो. कुणाची वस्तू चोरली? स्वतःचीच जात लपवणारा चोर ठरतो आणि ती विचारणारा साव! आपल्या भाषेने हा निवाडा वाक्प्रचारातच करून ठेवला आहे. बागूलांनी हा शब्द शीर्षकातच प्रथमपुरुषी उच्चारून त्या निवाड्याला आव्हान दिले, हे त्यांचे मोठेपण.

दुसरा भेद वर्गाचा. लार्सन यांच्या बायका सुखवस्तू आहेत, त्यांच्या घरी मोलकरणी आहेत. बागूलांचा नायक परमुलखात रेल्वेच्या नोकरीवर आला आहे, त्याला भाड्याची खोली हवी आहे, आणि जात उघडी पडताच तो मार खातो. तिथे डोळा कातडी तपासतो. इथे कान तपासतो. गाव कोणते, आडनाव काय, 'न' आणि 'ण' कसा उच्चारतोस? म्हणून आपल्याकडे भाषा शिकणे आणि जात झाकणे यांचा सांधा फार जवळचा आहे. मी विद्यार्थ्यांचे उच्चार दुरुस्त करतो तेव्हा त्यांना भाषा शिकवतो की पासिंग शिकवतो, हा प्रश्न मला सुखाने झोपू देत नाही. शहरात खोली शोधताना मी स्वतः प्रमाण मराठीच्या आडोशाला उभा राहिलो आहे.

मराठवाड्याला हा वाङ्मयीन संबंध नवा नाही. लातूरला प्राचार्य असलेले डॉ. जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ लिहून तो मराठी वाचकापर्यंत आणला. दलित पँथरने १९७२ साली नावच तिकडून घेतले. आपण त्यांचा विचार घेतला, त्यांची बोली मात्र आजही पाठ्यक्रमाच्या बाहेर आहे. तिथे अजून मुसळधार पावसाची 'कुत्री-मांजरे' पडताहेत. ही कुत्री-मांजरे आज कोणी फारशी बोलत नाही, तरी पोरांनी ती पाठ करायची.

आणि न कळणे हे कमीपणाचे तरी का मानावे? १९७२ सालीच नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' आला. प्रस्तावना लिहिणारे विजय तेंडुलकर मराठीचे नामवंत नाटककार. त्यांना त्यातले कितीतरी शब्द अडले आणि त्यांनी ते मोकळेपणाने कबूल केले. त्यांचे मराठी कच्चे आहे, असे कुणी म्हटले नाही. म्हणू नयेच. परंतु नाटककाराला मुंबईची एक वस्ती कळली नाही तर तो त्याचा प्रामाणिकपणा, आणि किनवटच्या पोराला लंडनचा दिवाणखाना कळला नाही तर तो नापास, हा हिशेब कुठला?

यंदा मी लार्सन आणि बागूल एकाच तासाला घेतो. वह्यांत अर्थ इंग्रजीत नको, घरच्या बोलीत लिहा, असे सांगितले आहे. 'पासिंग'पुढे एका विद्यार्थिनीने लिहिले आहे: 'विचारल्याशिवाय आडनाव न सांगणे.' मी त्यावर लाल शाई लावलेली नाही.